खेचरे कुठवर पोहोचली? : उन्हाळ्यात हिमालयात जाणाऱ्या मुंबईकर नवख्यांसाठी

मुंबईहून हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या बहुतेकांची तारीख डोंगर ठरवीत नाही. ती मुलांच्या परीक्षा, कचेरीतली रजा आणि रेल्वेचे आरक्षण मिळून ठरवतात. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात ओलांडायची खिंड आपण एप्रिलच्या आरंभीच पक्की करून बसतो, आणि त्या वेळी पश्चिमी विक्षोभांमुळे (पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे) तिथे नवा बर्फ पडणे थांबलेलेही नसते. हिमाचलात मनालीजवळची माझी पहिली हामटा खिंड अशीच ठरली होती.

सह्याद्रीत बरीच वर्षे भटकल्यामुळे घसारा, नाळ आणि निसरडा कातळ आपल्याला कळतो, असा माझा समज होता. तो खोटा नव्हता. पण कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि हामटा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर. आयोजकांनी फोनवर ‘वाट सुरू झाली आहे’ असे सांगितले होते आणि ‘बालू का घेरा’ या तळापर्यंत ती खरोखरच सुरू होती. त्यापुढे ओढ्यावर बर्फाचा पूल होता. आम्ही तिथे पोहोचेपर्यंत ऊन चांगलेच चढले होते. माझ्या पुढे चालणाऱ्या मित्राचा पाय मांडीपर्यंत आत गेला आणि त्या भोकातून खालच्या पाण्याचा खळखळाट स्पष्ट ऐकू आला. पाठपिशवीचा पट्टा धरून त्याला मागे ओढले आणि आम्ही तिथूनच परतलो.

असा पूल वरून शुभ्र आणि भक्कम दिसतो, पण खालचे पाणी त्याला सतत पोखरत असते आणि वरून ऊन त्याला मऊ करते. मधोमध किंचित खोलगट झालेला भाग, राखाडी ओलसर डाग, काठालगतची चीर आणि काठी आपटल्यावर येणारा पोकळ आवाज, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी दुसरी जागा शोधावी. जायचेच असेल तर पहाटे, एकेकाने, अंतर राखून आणि पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून जावे.

त्यानंतर मी ‘वाट सुरू आहे का?’ हा प्रश्न विचारणे सोडले, कारण त्याचे उत्तर नेहमी ‘आ जाइए साहब’ असेच येते. आता मी विचारतो, ‘खेचरे शेवटच्या तळापर्यंत पोहोचली का, आणि गद्दी (हिमाचलातल्या भटक्या जमातीचे) मेंढपाळ कळप घेऊन खिंड ओलांडून गेले का?’ जनावर हेच ज्याचे पोट, तो ते उगाच धोक्यात घालत नाही.

घरबसल्याही पुष्कळ पाहता येते. सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रे युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते आणि त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या दहा मीटरांचा असतो. याच आठवड्याची मागच्या दोन-तीन वर्षांची चित्रे शेजारी ठेवली की यंदाचा बर्फ रेंगाळला आहे की नाही ते कळते. उत्तरेकडे तोंड असलेला उतार शेवटी मोकळा होतो, म्हणून तोच आधी पाहावा. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसत असल्याने दोन्ही वेगळे ओळखता येतील असे लघुलहरी अवरक्त (SWIR) पट्ट्यातले चित्रही उघडावे. घाईत ढगालाच बर्फ समजण्याची चूक मी केलेली आहे.

रात्रीचे गणित मात्र तिथे गेल्यावरच जुळते. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. सुमारे दोन हजार मीटरवरच्या मनालीत पहाटे १२ अंश असतील, तर खिंडीत शून्याच्या दोनएक अंश खाली धरावे. आकाश निरभ्र असले की बर्फ कडक गोठतो आणि पहाटे पाऊल वर राहते. ढगाळ रात्री तो नीट गोठतच नाही. पहाटेच बूट घोट्याच्या वर रुतत असतील, तर दुपारी गुडघे रुतणार हे धरून मी मागे फिरतो. ताजा बर्फ पडला असेल तर ३० ते ४५ अंशांच्या उतारांखालून जाऊ नये आणि डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगढस्थित डीजीआरई प्रयोगशाळेचा हिमस्खलनाचा इशारा पाहिल्याशिवाय तळ सोडू नये.

मोकळी वाट म्हणजे बरे हवामानही नव्हे. जून २०२४मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर वादळात सापडून नऊ ट्रेकर दगावले. म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन मोकळे दिवस ठेवावेत.

पुढे एकदा मी जूनअखेर त्याच ओढ्याशी गेलो. पुलाचा मागमूस नव्हता. गुडघाभर, हाडे गोठवणारे पाणी होते. बर्फ वितळून दुपारी ते आणखी चढते, म्हणून खेचरवाल्याने आम्हाला उजाडताच पलीकडे नेले.