लुगोचा तट बघायचाय? आधी वर चढू नका

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गॅलिसियात, लुगो आहे. रोमन तटबंदी अख्ख्या वेढ्यासकट उभी असलेलं शहर. घेर दोन किलोमीटरहून थोडा जास्त, उंची 8 ते 12 मीटर. लोक थेट फांजीवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवर, चढतात, एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि कॉफी प्यायला उतरतात. तुम्ही आधी प्रांतिक संग्रहालयात जा.

तिथे आपाना नावाच्या बाईचा समाधीचा दगड शोधा. पंचविशीत गेली; दगड भावाने, आपानुसने, बसवला. अक्षरं लॅटिन, मजकुराचा साचाही रोमन. पण बहीण, भाऊ, बाप, तिघांचीही नावं तिथल्या मातीतली. वर ती कुठल्या जमातीची आणि कुठल्या वस्तीची, तेही कोरलंय: सुपरतामारिक केल्ट, माइओब्रीची. हा दगड नीट बघितलात की तट वेगळा दिसतो.

आता तटाला बाहेरून, पायथ्याने वळसा घाला. माझं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं, त्यामुळे नजर आधी दगडावरच जाते. दर्शनी भिंत पाटीच्या दगडाच्या पातळ थरांची, दरवाजांना ग्रॅनाइट. पोटात माती, डबर आणि पाडलेल्या इमारतींचे घडीव दगड. कुणाची घरं पाडली? शहरातलीच. तटाची रेघ आखताना वस्तीचा एक भागही बाहेर पडला. 10 दरवाजांपैकी 5 मूळचे, बाकीचे 1853 नंतरचे. मूळच्यांतही पोर्ता मिन्यापाशी जास्त वेळ थांबा. नंतरच्यांचा हात त्याला सगळ्यात कमी लागलाय.

तारखा लक्षात ठेवा. रोमन सम्राट ऑगस्टसने हा मुलूख इ.स.पू. 19च्या सुमारास पुरता जिंकला. तट तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. मधे 212 साली साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिकत्व मिळालेलं. म्हणजे 'आत रोमन, बाहेर स्थानिक' असा हिशोब इथे बसतच नाही. जिंकलेल्यांचे वंशज तोवर तटाच्या आतच राहत होते.

पायात त्राण उरलं तर शहराबाहेरची विलादोंगाची जुनी टेकडीवरची वस्ती, म्हणजे 'कास्त्रो', तीही बघा. गोल तटांची, दिसायला अगदी रोमनांच्या आधीची. पण भरभराट रोमन अमलातली.

जूनमध्ये 'आर्दे लुकुस' उत्सव असतो. अर्धं गाव रोमन होतं, अर्धं टेकडीवरचे कास्त्रोवाले. तेव्हा जाणार असाल तर खोली फार आधी धरा. आणि पाऊस कधीही येतो, फांजी ओली असेल तर चपला नकोत, बूट घाला.