फेल्टची कार्टून लटकन हाताने शिवताना: आधी चेहरा, मग शिवण

फेल्टची कार्टून लटकन करायला शिलाई फार यायला पाहिजे असं अजिबात नाही. फेल्ट हे विणलेलं कापड नसतं, तंतू एकमेकांत गुंतवून दाबून केलेलं असतं, म्हणून कापल्यावर कडेचे धागे सुटत नाहीत आणि कडा आत दुमडायची भानगडच राहत नाही. सगळा जीव ओतायचा तो चेहऱ्यात. चेहरा जमला तर टाके थोडे वाकडे गेलेले कुणाला दिसतसुद्धा नाहीत.

८ ते १० सेंटीमीटर साईज बरी पडते, त्याहून लहान केलं तर नाक-डोळे हातात धरवत नाहीत. कागदावर चित्र काढा आणि ते पूर्ण काळं रंगवून बघा, नुसत्या आकारावरून कॅरेक्टर ओळखू येतंय का? मिकीचं डोकं आणि दोन कान, एवढ्यावर काम होतं. नुसत्या आकारावरून ओळख पटत नसेल तर जी एक-दोन रंगीत खूण आहे ती ठेवा, जसं डोरेमॉनचा लाल पट्टा आणि पिवळी घंटा, आणि बाकीचं बिनधास्त गाळा.

मग प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा कापा, फक्त जो तुकडा दुसऱ्याच्या खाली जाणार आहे तो ३-४ मिलिमीटर जास्त ठेवा म्हणजे मध्ये फट दिसत नाही. बारीक तुकड्यांना कागदी नमुना सेलोटेपने चिकटवून टेपसकट कापायचं, कड एकदम स्वच्छ येते. गोल कापताना कात्री न फिरवता फेल्ट फिरवत राहा.

आता चेहरा. लगेच शिवायला घेऊ नका, डोळे-नाक नुसते ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि मूळ चित्राशेजारी ठेवून बघा, कारण डोळे जरासे वर-खाली झाले की कॅरेक्टर दुसराच कुणीतरी वाटायला लागतो आणि हे समोर ठेवलेल्या फेल्टपेक्षा फोटोत जास्त पटकन कळतं. डोळ्यातली पांढरी चमक दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवी, त्यासाठी पांढऱ्या दोऱ्याची एक फ्रेंच नॉट, म्हणजे सुईवर दोरा गुंडाळून केलेली ठिपक्यासारखी गाठ, पुरते. तोंडाला उलटी टीप (बॅकस्टिच, प्रत्येक टाका मागे येऊन आधीच्या टाक्याला जोडायचा) घाला, वळणावर टाके बारीक घ्या आणि दोरा ओढू नका, फेल्ट लगेच चुण्या धरतं. तुकडे जागेवर राहावेत म्हणून गोंद लावायचाच असेल तर अगदी मधोमध एक ठिपका, कडेला लागला तर वाळून कडक होतो आणि सुई जाता जात नाही. चेहऱ्याचं सगळं काम पुढच्या भागावर आधीच उरकायचं, मागचा भाग जोडल्यावर दोऱ्याच्या गाठी लपवायला जागाच उरत नाही.

मागचा भागसुद्धा आत्ताच कापा, शिवलेला पुढचा भाग फेल्टवर ठेवून त्याच्याच कडेने, म्हणजे शिवताना आकार थोडा हलला असला तरी दोन्ही बरोबर जुळतात. लटकवल्यावर तोल कुठे जातो ते बघायला वरच्या टोकाला सुईदोरा घालून उचलून धरा, डोकं एका बाजूला कलत असेल तर जागा सरकवा. तिथेच १५ सेंटीमीटर रिबन दुमडून तिची टोकं सेंटीमीटरभर दोन थरांच्या मध्ये घाला.

जोडायला काजटाका म्हणजे ब्लँकेट स्टिच, कडेवर प्रत्येक टाक्यात दोरा अडकवत जायचा. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्या, हातभर लांब पुरे, जास्त घेतला तर गुंतत बसतो. पहिली गाठ दोन थरांच्या मध्ये, टाके साधारण ३ मिलिमीटरवर, टोकदार कोपऱ्यात एकाच भोकातून तीन टाके. कान, शेपटी असले अरुंद भाग शिवत जाल तसे लगेच भरत जा, शेवटी एकदम भरायला गेलं तर कापूस तिथवर पोचतच नाही. फायबर, म्हणजे हा भरायचा कापूस, चिमूटचिमूट घालून पेन्सिलच्या बोथट टोकाने सरकवायचं आणि बेताचंच भरायचं, ठासून भरलं की चेहरा फुगतो आणि डोळे लांब जातात. भरण्यासाठी उघडी ठेवलेली शेवटची ३ सेंटीमीटर कड त्याच टाक्याने बंद करा.

घरात लहान मूल असेल तर मणी-बटणं नकोत, डोळे भरतकामानेच करा. आणि सिंथेटिक फेल्टवर गरम इस्त्री फिरवू नका, वितळतं.