झेरॉक्सच्या दुकानात राहून जाणारी कागदपत्रे: या चुका टाळा

प्रवेशाचे दिवस सुरू झाले की नागपुरात बर्डीपासून महालपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांसमोर विद्यार्थी आणि पालक यांची गर्दी होते. आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला, पासबुकाचे पहिले पान असे सारे काउंटरवर चिकटवलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप केले जाते, प्रिंट हातात पडते आणि माणूस पैसे देऊन निघून जातो. फाइल मात्र दुकानातच राहते. माहितीची चोरी म्हटले की आपल्याला दूर कुठेतरी बसलेला हॅकर आठवतो, पण एकाच माणसाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, सही आणि खाते क्रमांक एकत्र सापडण्याची सर्वांत सोपी जागा, माझ्या मते, त्या दुकानातल्या संगणकाचे डाउनलोड्स फोल्डर ही आहे. यासाठी दुकानदाराची नियत वाईट असण्याचीही गरज नाही. त्या संगणकावर दिवसभर अनेकांचे हात फिरतात आणि जुन्या फाइली काढून टाकायला कोणाला सवड नसते.

पाठवलेला संदेश नंतर ‘सर्वांसाठी हटवा’ केला की काम झाले, हा समज चुकीचा आहे. ही सोय पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा अधिक काळ मिळते, परंतु संगणकावर आधीच उतरवून घेतलेली प्रत तिने पुसली जात नाही. म्हणून पैसे देण्याआधी, तिथेच उभे राहून, ती फाइल डाउनलोड्समधून आणि त्यानंतर रिसायकल बिनमधूनही काढून घ्यावी. असे सांगण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. दुकानाच्या संगणकावर स्वतःचे व्हॉट्सॲप उघडून तसेच निघून आला असाल, तर फोनमधील ‘लिंक केलेली डिव्हाइसेस’ या यादीतून तो संगणक लगेच लॉग आउट करता येतो. ईमेल उघडा राहिला असेल, तर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन त्या यंत्रावरून साइन आउट करावे आणि पासवर्डही बदलावा.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, त्यामुळे ती कोणालाही पाठवायला हरकत नाही, असे अनेकांना वाटते. हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. ज्याच्याकडे तुमची गुणपत्रिका किंवा दाखला आहे, त्याच्यासाठी हे कुलूप नावापुरतेच उरते. त्यापेक्षा आधार देणाऱ्या युआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे, ज्यात १२ पैकी शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्स जपून देण्याची आणि मास्क्ड आधार वापरण्याची सूचना युआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने मे २०२२ मध्ये काढली होती आणि गोंधळ उडताच दोन दिवसांत ती मागेही घेतली गेली, पण मास्क्ड आधारची सोय आजही आहे. लॉज, खासगी क्लास किंवा भाड्याची खोली यांसाठी ते पुरते. पूर्ण क्रमांकाशिवाय काम अडत असेल, तर प्रतीवर आडवी रेघ ओढून कारण आणि तारीख लिहावी.

खरा धोका पुढे आहे. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर, ओटीपीशिवाय, आधार आधारित सेवेतून खात्यातील पैसे काढता येतात, आणि दस्तऐवजांवरील ठशांच्या नकला करून असे गुन्हे केल्याचे देशात उघडकीस आले आहे. युआयडीएआयच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करणे, म्हणजे बोटाच्या ठशासारख्या खुणांनी आधारची ओळख पटवणे बंद ठेवणे, हा त्यावरचा उपाय. मात्र त्यानंतर रेशन दुकानात अंगठा लागेना किंवा नोव्हेंबरमध्ये पेन्शनरचा हयातीचा दाखला होईना, तर यंत्राला दोष देण्याआधी हे लॉक आठवावे. ते तात्पुरते उघडता येते. आधारशी मोबाइल नंबर जोडलेला नसेल, तर लॉकही करता येत नाही, त्यामुळे आधी तो जोडून घ्यावा.

आपल्या कागदांवर दुसऱ्याने सिम घेतले आहे का, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर कळते. अनोळखी नंबर दिसला, तर ‘माझा नंबर नाही’ अशी नोंद तिथेच करावी. पैसे गेलेच असतील, तर बँकेला कळवून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचा एसएमएस फोनमधून पुसू नये. तक्रार नोंदवताना हेच तपशील विचारले जातात.