आउटबोर्डच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलं तर

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होडी वर ओढली की जुन्या आउटबोर्डच्या (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) खालच्या गिअरबॉक्सचं तेल तेव्हाच बघावं. तेल दुधाळ आलं तर “तेल बदल आणि चालव” हा सल्ला मुळीच ऐकू नका. पाणी शिरण्याची वाट तशीच उघडी राहते, नवं तेल पुन्हा पांढरं होतं, बेअरिंग गंजतात आणि सील (फिरत्या दांड्याभोवतीची पाणी अडवणारी रबरी कडी) बदलून भागलं असतं तिथे गिअर घ्यावे लागतात.

1. स्पार्क प्लगच्या वायर काढा, मगच पंख्याला (प्रोपेलरला) हात लावा.

2. गिअरबॉक्सचे खालचा आणि वरचा असे दोन्ही स्क्रू काढून तेल काढा. उभ्या इंजिनात पाणी तळाशी बसतं, म्हणून कधी आधी नुसतं पाणीच येतं. स्क्रूच्या चुंबकावर बारीक काळपट लगदा असेल तर चालेल. चिमटीत धरता येतील असे तुकडे निघाले, तर गिअरबॉक्स उघडण्याला पर्याय नाही.

3. पंखा काढा. त्याच्या शाफ्टभोवती (दांड्याभोवती) तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन धागा, गुंडाळलेला सापडला, तर सील त्यानेच कापलं असण्याची दाट शक्यता आहे.

4. आता हवेची टेस्ट. घाई होते ती इथेच. खालचा स्क्रू नवा वॉशर घालून बंद करा. वरच्या भोकात निपल (नळी जोडायचं तोंड) बसवून हातपंप आणि गेज जोडा. आधी 5 पीएसआय (गेजवरचं दाबाचं माप), मग 10. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कॉम्प्रेसर लावू नका, जास्त दाबाने चांगलं सीलही जागेवरून उठतं.

काटा पाच मिनिटं हलला नाही म्हणून खूश होऊ नका. शाफ्ट स्थिर असताना फाटकं सीलही दाब धरू शकतं. पंख्याचा शाफ्ट हाताने फिरवा, बाजूला दाबून बघा, गिअर पुढे-न्यूट्रल-मागे टाका. काटा उतरला की साबणाचं पाणी लावा: पंख्याच्या शाफ्टला, वॉटर पंपाखालच्या उभ्या शाफ्टला, गिअर रॉडला. बुडबुडे येतील ते सील गेलं. दाब टिकला तरी पंप उलटा लावून हलका व्हॅक्यूमही बघा, कारण आत तोंड (रबरी ओठ) असलेलं सील आतला दाब धरतं पण बाहेरचं पाणी आत घेतं. दोन्हींत काटा हलला नाही, तर जुन्या वॉशरवर संशय घ्या.

5. सील बदलताना जुन्याचं तोंड कुठे होतं त्याचा फोटो काढा. दोन सील असतील तर दोन्हींचा. मग शाफ्टवर जिथे सील घासतं तिथून नख फिरवा. नख अडकलं तर खाच पडली आहे, आणि अशा शाफ्टवर नवं सीलही गळणारच. खाचेवर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) बसवा किंवा शाफ्ट बदला. एमसील, सिलिकॉन असले उपाय इथे टिकत नाहीत.

6. मॅन्युअलमध्ये दिलेलं गिअर तेल खालच्या भोकातून भरा. वरून बुडबुड्यांशिवाय तेल आलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वॉशर दोन्हीकडे नवे.

पहिल्या फेऱ्यांनंतर इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल करून चार थेंब बोटावर घ्या. ते स्वच्छ असतील तर गळती थांबली.