म्युच्युअल फंडाचे स्टार कसे वाचावेत

फंड निवडताना बहुतेक जण आधी रेटिंग संस्थांनी त्याला दिलेले एक ते पाच स्टार बघतात आणि बाकीचं नंतर. क्रम नेमका उलटा हवा. केवायसी झाली आहे, अडीअडचणीची रक्कम बाजूला ठेवली आहे आणि हे पैसे किती वर्षं लागणार नाहीत ते ठरलं आहे, असं धरूनच पुढचं लिहिते.

१. आधी गट ठरवा

फंडांवर देखरेख करणाऱ्या सेबीच्या ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकापासून प्रत्येक योजनेला ठरावीक गटात बसावं लागतं. लार्ज कॅप फंडाने किमान 80 टक्के पैसे बाजारमूल्यानुसार पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवायचे, स्मॉल कॅपने किमान 65 टक्के अडीचशेच्या पुढच्या कंपन्यांत. स्टार मिळतात ते या गटाच्या आत. माझ्या ओळखीच्या एका काकूंना बँकेतून "पाच स्टार आहेत, डोळे झाकून घ्या" असं सांगून स्मॉल कॅप फंड गळ्यात मारला गेला. ते पैसे दोन वर्षांत मुलीच्या लग्नाला लागणार होते! स्टार अगदी खरे होते, पण दोन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचाच नसतो.

२. रेटिंग कोणाचं, ते बघा

व्हॅल्यू रिसर्च आणि मॉर्निंगस्टारकडे 5 म्हणजे सर्वोत्तम. क्रिसिलच्या क्रमवारीत मात्र 1 सर्वोत्तम आणि 5 तळाला.

३. स्टारच्या मागचे आकडे उघडा

मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही याच पायरीवर ऐकायला मिळतात. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मॉर्निंगस्टारची वाटणी बघा: गटातल्या वरच्या 10 टक्के फंडांना पाच स्टार, पुढच्या 22.5 टक्क्यांना चार, मधल्या 35 टक्क्यांना तीन, मग पुन्हा 22.5 टक्क्यांना दोन आणि शेवटच्या 10 टक्क्यांना एक. गटात 40 फंड असतील तर चौघांना पाच स्टार मिळणारच. सगळा गट वर्षभरात 20 टक्क्यांनी आपटला तरी मिळणार. म्हणजे पाच स्टारचा अर्थ 'इतरांपेक्षा बरा' इतकाच आहे. तो 'चांगला परतावा' नाही आणि 'सुरक्षित' तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट काळाची. स्टार मागच्या ठरावीक वर्षांचा परतावा आणि चढउतार मोजून दिले जातात. तीन वर्षं पूर्ण न झालेल्या फंडाला मॉर्निंगस्टार स्टार देतच नाही. आता समजा एका फंडाने तीन वर्षांत 50, 4 आणि 6 टक्के दिले. वार्षिक सरासरी चक्रवाढीने सुमारे 18 टक्के निघते. दुसऱ्याने 17, 16 आणि 18 दिले, त्याची सरासरी 17. यादीत पहिला वर दिसतो. पुढच्या वर्षी ते 50 टक्क्यांचं वर्ष हिशेबातून बाहेर गेलं आणि त्याच्या जागी 7 टक्के आले, की पहिल्याची सरासरी थेट पावणेसहाच्या आसपास येते. फंड तोच, व्यवस्थापक तोच, फक्त मोजायची तीन वर्षं सरकली. चढउतार मोजल्यामुळे रेटिंगमध्ये हा दोष थोडा कमी होतो, पण जात नाही.

म्हणून नुसत्या 'तीन वर्षांचा परतावा' या आकड्यावर कधीही विसंबू नका. रोलिंग रिटर्न, म्हणजे सरकत्या तुकड्यांचा परतावा, बघा. दहा वर्षांच्या फंडात दर महिन्यापासून सुरू होणारे तीन-तीन वर्षांचे तुकडे पाडले तर 85 तुकडे मिळतात. हा हिशेब काही संकेतस्थळांवर फुकट मिळतो. त्यात दोनच गोष्टी शोधा: किती तुकड्यांत फंडाने लाभांशासह मोजलेल्या बेंचमार्कला (ज्या निर्देशांकाशी त्याची तुलना होते त्याला) मागे टाकलं, आणि सगळ्यात वाईट तुकडा किती वाईट होता. तो वाईट आकडा आपल्या रकमेला लावून रुपयांत लिहून काढा. तो बघून पोटात गोळा येत असेल तर फंडाला कितीही स्टार असोत, सोडून द्या.

शेवटी फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, व्यवस्थापक कधीपासून आहे ते तपासा. स्टार ज्या वर्षांचे आहेत त्या वर्षांत फंड दुसराच कोणी सांभाळत असेल, तर ती कामगिरी आताच्या माणसाची नव्हे.

४. डेट फंड असेल तर स्टार बाजूला ठेवा

डेट फंड म्हणजे शेअरऐवजी कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड. इथे माझं मत ठाम आहे. पतमानांकन कमी असलेले, म्हणजे पैसे बुडण्याची भीती जास्त असलेले रोखे क्वचित खरेदी-विक्री होत असल्यामुळे त्यांची किंमत शांत दिसते, आणि त्या शांततेला रेटिंगमध्ये चांगले गुण मिळू शकतात. 23 एप्रिल 2020 रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा डेट योजना गुंडाळायला घेतल्या. पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले, पण तोवर लोकांचे पैसे अडकून पडले होते. डिसेंबर 2021 पासून प्रत्येक डेट योजनेवर ए-1 ते सी-3 अशी संभाव्य जोखमीची चौकट असते. अक्षर पतजोखमीचं, आकडा व्याजदराच्या जोखमीचा. ती बघा आणि पोर्टफोलिओतल्या रोख्यांचं पतमानांकन बघा.

५. खर्च आणि रिस्कोमीटर

मध्यस्थाशिवाय थेट घेतलेल्या डायरेक्ट योजनेचा खर्च कमी असतो, म्हणून डायरेक्टची तुलना डायरेक्टशीच करा. योजनेची जोखीम दाखवणारा रिस्कोमीटर दर महिन्याला नव्याने ठरतो.

६. स्टार घसरला तर

एक स्टार कमी झाला म्हणून लगेच विकू नका. अनेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत बाहेर पडल्यास 1 टक्का एक्झिट लोड (बाहेर पडण्याचं शुल्क) लागतो, शिवाय वर्षाच्या आतल्या नफ्यावर 20 टक्के कर. फंड बेंचमार्कच्या मागे सलग दोन-तीन वर्षं पडत असेल, व्यवस्थापक बदलला असेल किंवा गुंतवणुकीची पद्धतच बदलली असेल, तरच बाहेर पडा. त्याआधी फक्त एसआयपी (दरमहा जाणारी ठरावीक रक्कम) थांबवून बघता येते.