लाइट गेली आणि डोंगलचं नाव बदललं
घरच्या रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) झिगबी डोंगल (स्मार्ट उपकरणांशी वायरलेस बोलणारी यूएसबी कांडी) डॉकर कंटेनरमधून (प्रोग्रॅम चालवायचा वेगळा डबा) छान चालत होता. परवा लाइट जाऊन आली आणि कंटेनर उठेचना. केबल बदलली, पोर्ट बदलला. उगाच! होस्टवर, म्हणजे खुद्द पायवर, बघितलं तर डोंगलचं लिनक्सनं दिलेलं नाव, कालचं टीटीवाय-यूएसबी ०, आज १ झालेलं. शेजारच्या सीएच३४० या यूएसबी-सिरीयल चिपवाल्या स्वस्त आर्डुइनो बोर्डानं आधी नंबर पटकावला होता. मग कंटेनरच्या सेटिंगमधल्या डिव्हाइसच्या ओळीत डावीकडे (होस्टवरचं नाव) सिरीयल/बाय-आयडीखालचं न बदलणारं लांबलचक नाव दिलं, उजवीकडे (कंटेनरच्या आतलं) जुनंच ठेवलं. कंटेनर उठला, पण परमिशन डिनाइड. वैतागून प्रिव्हिलेज्ड (कंटेनरला जादा अधिकार देणारा पर्याय) लावलं, तरी तेच. आतला युजर रूट (सर्वाधिकारी) नव्हता ना! शेवटी ग्रुप-ॲडमध्ये (युजरला जादा ग्रुप देणारी ओळ) डायलआउटचा, म्हणजे सिरीयल पोर्ट वापरू देणाऱ्या ग्रुपचा, नंबर दिला, डेबियन लिनक्सवर २०. ग्रुपचं नाव देऊ नका, इमेजमध्ये (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) तो ग्रुप असेलच असं नाही. डोंगल काढून परत लावला की कंटेनर रीस्टार्ट मात्र करावा लागतो.