जाम बोल्ट काढताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी माझे लहानसे गॅरेज आहे. तेथे येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकलींपैकी निम्म्या गाड्या मूळ बिघाडासाठी येत नाहीत, तर तो बिघाड घरीच काढण्याच्या नादात कोणीतरी तोडून ठेवलेल्या बोल्टसाठी येतात. काम अर्ध्या तासाचे असते आणि एका झटक्याने ते दोन दिवसांचे होऊन बसते.

आपल्याकडे बोल्ट जाम होण्यास फारसे निमित्त लागत नाही. काळ्या मातीचा चिखल पावसाळाभर एक्सलला आणि ट्रॉलीच्या सांगाड्याला लिंपलेला राहतो व आतली ओल धरून ठेवतो. ज्या ट्रॉलीत युरियाची पोती वाहिली जातात तिचे बोल्ट तर आणखी लवकर गंजतात, कारण सांडलेले खत हवेतील ओलावा ओढून घेते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधील बारीक फट त्याने ठासून भरते. म्हणून जाम बोल्ट हा निव्वळ ताकदीचा प्रश्न नसून त्या फटीत तेल कसे शिरवायचे, हा खरा प्रश्न आहे.

पहिली चूक पान्याची. जुन्या जीपवर आणि बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांवर इंची मापाचे नट-बोल्ट असतात आणि आपल्या पेटीत पाने मिलिमीटरचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण उरलेली ०.३ मिलिमीटरची सैल जागा गंजलेल्या बोल्टचे कोपरे खाण्यास पुरेशी असते. पाऊण इंचाला १९ चा पाना चालून जातो, कारण ते माप १९.०५ मिलिमीटर आहे; नेमक्या याच अनुभवावरून लोक बाकीची मापेही चालवून घेतात आणि फसतात. बोल्ट जाम असेल तर फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा पाना, हातातही घेऊ नये. बारा कोनांच्या रिंग पान्यापेक्षा सहा कोनांची गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट, बरी, कारण तिचा जोर कोपऱ्यावर न येता सपाट बाजूवर येतो. डोके गोल झालेच असेल तर मी किंचित लहान मापाची जुनी गोटी हातोड्याने ठोकून बसवतो. ती गोटी पुढे कामाची राहत नाही, म्हणून भंगारातल्या गोट्या मी कधीच फेकत नाही.

दुसरी चूक तेल टाकून पाच मिनिटांत पाना लावण्याची. इंजिनमधून काढलेले जळके ऑइल तर ओतूच नये, ते घट्ट असते आणि वरच राहते. मी आधी तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करतो, संध्याकाळी गंज सोडवणारे पातळ तेल मारतो, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे आठ-दहा बेताचे ठोके देतो आणि घरी जातो. सकाळी तेल पुन्हा मारतो आणि बोल्ट सोडवण्याआधी केसभर आवळून पाहतो, कारण गंजाची पकड बहुधा त्याच हालचालीत तुटते. बोल्ट जरा हलला की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, असे करत आणतो. शेजारी उभा असलेला गाडीमालक तेवढ्यात म्हणतोच, “भाऊ, काहून इतका टाइम लावता, एक झटका द्या न बाप्पा!” त्याला मी चहा प्यायला पाठवतो.

हे शहाणपण मला उपजत आलेले नाही. काही वर्षांपूर्वी मृग लागायला दोन दिवस असताना एक शेतकरी दादा ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर घेऊन आले. मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनच्या हेडला जोडलेल्या हवा-धुराच्या नळकांड्याची, गॅस्केट (सांध्यातली पट्टी) फुटली होती. तीन नट निघाले आणि चौथ्याचा १० मिलिमीटरचा स्टड, म्हणजे हेडमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, हेडच्या पातळीवर कापल्यासारखा तुटला. पेरणीची घाई त्यांना होती, पण उतावळा मी झालो. भोकासाठी ठोकलेली पंचाची खूण स्टडच्या मध्यावर बसली नाही हे दिसत असूनही भोक पाडले, त्यात ईझी आउट, म्हणजे तुटलेला बोल्ट काढण्याचा उलट्या आट्यांचा निमुळता दांडा, ठोकला आणि हँडलला पाइप लावून फिरवला. कट असा बारीक आवाज आला. ईझी आउट आतच मोडला होता. तो इतक्या कडक पोलादाचा असतो की त्यावर साधा ड्रिल बिट लावला तर बिटच बोथट होतो आणि तुकडा नुसता चकाकतो. शेवटी हेड उतरवून यवतमाळला लेथवर न्यावे लागले, तेथे कार्बाइडच्या बिटाने तो तुकडा निघाला, आणि दादांनी ती पेरणी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने घेऊन केली. लेथचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत.

त्या रात्री जो हिशेब मला कळला तो असा. १० मिलिमीटरचा पूर्ण स्टड ज्या गंजाला हलवू शकला नाही, त्याला त्याच्या पोटात घातलेला चार-पाच मिलिमीटरचा दांडा कसा हलवणार? शिवाय निमुळता असल्यामुळे तो स्टडला आतून फुगवतो आणि भिंतीवर अधिकच दाबतो. ज्या बोल्टचे डोके जास्त आवळल्यामुळे उडाले आहे आणि ज्याचे आटे मात्र मोकळे आहेत, तेथे ईझी आउट उत्तम चालतो. गंजून तुटलेल्या स्टडवर मी तो पुन्हा लावलेला नाही.

आता अशा ठिकाणी मी तुटलेल्या स्टडवर नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्डिंग भरतो. त्यामुळे पाना लावायला डोके मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकडही सैल होते. बॅटरीची वायर आधी काढावी आणि वेल्डिंगची अर्थ त्या भागाजवळच लावावी. लाली पूर्ण उतरू द्यावी, मग मागे-पुढे करत फिरवावे. नट उखडला तर दुसरा लावावा. माझा एक स्टड चौथ्या नटावर निघाला आहे. हेही जमले नाही तर बरोबर मध्यावर लहान भोक घेऊन ते वाढवत न्यावे आणि १.५ पिचच्या, म्हणजे दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर असलेल्या, १० मिलिमीटर स्टडसाठी ८.५ मिलिमीटरवर थांबून उरलेले आटे टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) साफ करावेत.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असू शकतात, तेव्हा पाइप लावण्यापूर्वी स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरले आहे का ते पाहावे. तापलेल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भागावर पाणी ओतू नये, तो तडकतो. डिझेलची टाकी किंवा ब्रेकचे होज जवळ असतील तर गॅसची ज्योत लावूच नये. सीडी १०० किंवा आरएक्स १०० सारख्या जुन्या मोटारसायकलींच्या इंजिन कव्हरचे स्क्रू जपानी खाचेचे, म्हणजे फुलीसारख्याच पण थोड्या वेगळ्या खाचेचे, असतात; त्यांत साधा फुलीचा पेचकस वर सरकतो आणि खाच खातो, म्हणून हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर योग्य बिट लावून वापरावा. ॲल्युमिनियममध्ये अडकलेला लोखंडी बोल्ट काढताना बोल्ट न तापवता भोवतालचे ॲल्युमिनियम तापवावे, कारण ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते.

परत बसवताना मॅनिफोल्डच्या स्टडला मी तांब्याचे ग्रीस लावतो, तेही बोटाने आट्यांना पुसल्याइतकेच. चाकांचे नट मात्र कोरडेच ठेवतो, कारण ग्रीस लागले की तोच जोर लावूनही नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.